नाकारलेला दागिना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

परवा भाच्याच्या लग्नाच्या खरेदीसाठी वर्ध्याच्या सराफ्यात गेलो होतो. अंगठीत पाचू बसवावा की माणिक, असा त्याचा प्रश्न. मी म्हटले, "बाबा, तुझे काम यंत्रावरचे. ठेच लागली की पाचू तडकतो आणि मोती घामाने निस्तेज होतो. माणूस राबणारा असेल तर माणिक बरा, तोही खोलगट बसवलेला."

अडचण अंगठीची नव्हतीच. बहिणीचा हट्ट होता की वरातीत त्याने वडिलांचा सोन्याचा गोफ घालावा. भाचा म्हणाला, "मामा, पुरुषांनी एवढं सोनं घालायचं असतं का?"

असते ना! जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने रंगवलेले सवाई माधवराव पाहा, मोत्यांनी नुसते मढलेले आहेत. शिरपेच, तुरा, कंठा, चौकडा, भिकबाळी हे सारे पुरुषांचेच अलंकार. शेतकऱ्याच्या कमरेला चांदीचा करदोडा आणि हातात कडे असे. ती त्याची हौसही होती आणि अडीनडीची पुंजीही. भिकबाळी तर अलीकडे पुण्याच्या ढोलपथकांतून पुन्हा दिसू लागली आहे.

पण आपल्या वर्ध्याची गोष्ट वेगळी आहे. बच्छराज शेठ इथले मोठे सावकार. राजस्थानातून दत्तक आणलेला त्यांचा नातू म्हणजे जमनालाल बजाज. १९०७ साली, जमनालाल १७ वर्षांचे असताना, एका लग्नाला जाण्यापूर्वी आजोबांनी त्यांना दागिने घालायला सांगितले. नातू नाही म्हणाला. शेठजी तापट होते. आपल्या संपत्तीवरून नको ते बोलून गेले. जमनालालांनी कागदावर लिहून दिले की, तुमच्या धनावर माझा हक्क नाही, अंगावरच्या कपड्यांखेरीज मी काही नेत नाही. आणि घर सोडले. म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला, समजूत काढून नातवाला परत आणले. पुढे वारसा त्यांच्याकडेच आला, पण आपण या पैशाचे केवळ विश्वस्त आहोत, ही भावना त्यांनी जन्मभर जपली. जानकीदेवींनीही सोन्याचे दागिने सोडले.

असाच एक प्रसंग गांधीजींच्या घरात १९०१ साली घडला होता. दक्षिण आफ्रिका सोडताना मिळालेल्या भेटींत सोन्याच्या वस्तू होत्या, हिऱ्याची अंगठी होती. त्या परत करू नयेत म्हणून कस्तुरबा भांडल्या. उद्या सुना येतील, त्यांना काय घालायचे, असा त्यांचा सवाल होता. मला तो अजिबात चुकीचा वाटत नाही. तरी दागिने सार्वजनिक कामासाठी विश्वस्तांकडे गेले. पुढे १९३६ साली हेच गांधीजी जमनालालांच्या आग्रहाने आलेल्या वर्ध्यातून जवळच्या शेगावी राहायला गेले. तेच आपले सेवाग्राम.

घरी परतल्यावर जमनालालांची गोष्ट बहिणीला सांगितली. ती बराच वेळ गोफ हातात धरून बसली. "त्यांच्याकडे पुष्कळ होतं म्हणून त्यांना सोडता आलं," ती म्हणाली, "आमच्याकडे एवढा एकच आहे."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वरातीच्या दिवशी भाच्याने तो गोफ घातला, सदऱ्याच्या आतून.