अडीच मिलिमीटरची चीर

दोरी दोन्ही बाजूंनी ओढली तर ती सगळ्यात कमजोर जागी तुटते. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या मास्तरालाही ते कळतं. पुलातल्या ताण सोसणाऱ्या पोलादी पट्टीचं गणितही मुळात असंच आहे. पट्टीच्या छेदाचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि पोलादाच्या ताकदीने गुणायचं. जिथे भोक असेल तिथे भोकाची जागा वजा करायची. सिव्हिल शिकणाऱ्या नातीने मला एवढं समजावलं, आणि मी इतिहासात शिरलो.

अमेरिकेत ओहायो नदीवर, पॉइंट प्लेझंट गावापाशी, १९२८ साली एक झुलता पूल उभा राहिला. चंदेरी रंगामुळे त्याला 'सिल्व्हर ब्रिज' म्हणत. तारांच्या दोरांऐवजी तो पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर तोललेला होता. पट्टी १२ इंच रुंद, २ इंच जाड, टोकांना भोकं आणि त्यांतून जाडजूड पिन. पोलाद खास कणखर बनवलेलं, म्हणून साखळीच्या एकेका कडीत दोनच पट्ट्या पुरेशा धरल्या. हिशेबाने एकेक पट्टी पाचशे टनांहून जास्त ताण सोसणारी होती. आकडेमोडीत खोट नव्हती.

१५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी पाचच्या सुमारास, गाड्यांची गर्दी असताना, पूल मिनिटभरात नदीत कोसळला. ४६ माणसं गेली.

तपासात कारण सापडलं ते एका पट्टीच्या भोकाच्या कडेला. तिथे जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर होती. गंज आणि ताण यांनी मिळून जवळजवळ ४० वर्षांत ती वाढवली होती. कणखर पोलाद ठिसूळही होतं, त्यामुळे एवढीशी चीर पुरली. एक पट्टी तुटली, जोडीदारीण पिनेवरून निसटली, आणि साखळीच सुटली. जोड उकलल्याशिवाय ती चीर दिसणंही शक्य नव्हतं. शिवाय १९२८ च्या मानाने गाड्याही कितीतरी जड झाल्या होत्या.

मला वाटतं, सूत्र फक्त धडधाकट पोलादाची ताकद सांगतं. पट्टी पुढे किती वर्षं धडधाकट राहील, हे त्यात नसतं. या अपघातानंतर अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे देशव्यापी नियम १९७१ साली आले. जो ताणाचा भाग तुटला तर पूलच पडेल, तो आता हात पोचेल इतक्या जवळून तपासावा लागतो. दुर्बिणीने लांबून पाहिलेलं चालत नाही.

नातीला म्हटलं, गणित सोडवून झालं की हेही वहीत लिहून ठेव.