काटकसरीचे लंडन, दीड रुपयाचे बडोदे

युरोपच्या प्रवासवर्णनांचा मराठीत तोटा नाही. टेम्स नदी, संसद, राजवाडे, वस्तुसंग्रहालये यांची वर्णने आपण पिढ्यान् पिढ्या वाचत आलो. पण शहर पाहण्याची आणखी एक रीत असते. खिशातले नाणे मोजून, एक वेळचे जेवण टाळून, पायी हिंडून जो शहरात राहतो त्याला ते निराळे दिसते. इतिहासात अशा प्रवाशांची नोंद सहसा राहत नाही. एका प्रवाशाची मात्र राहिली आहे, आणि तिचे एक टोक लंडनला असले तरी दुसरे बडोद्यात आहे.

बडोद्याहून युरोपला जाण्याचा पायंडा श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी पाडला. १८८७ साली ते प्रथम युरोपला गेले आणि पुढे अनेकदा गेले. राजाचा प्रवास राजाच्या इतमामाने झाला, हे सांगायला नकोच. परंतु जे आपण पाहिले ते आपल्या प्रजेतल्या होतकरू मुलांनीही पाहावे, अशी त्यांची दृष्टी होती. त्या दृष्टीतून १९१३ साली संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले. रक्कम महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. तेव्हाच्या दराने पौंडाचे पंधरा रुपये होत. म्हणजे ही रक्कम पावणेदोनशे रुपयांच्या आतबाहेर. त्यातच राहणे, जेवणे, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे.

न्यूयॉर्कचा अभ्यास उरकून १९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असा दुहेरी अभ्यास त्यांनी आरंभला. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी पदरात पाडून घेतली. महायुद्ध चालू होते. सामानाची बोट पाणतीराने बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेले बरेचसे ग्रंथ समुद्रात गेले.

करारानुसार ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास रुजू झाले. महालेखापालांच्या कचेरीत काम मिळाले. राहायला जागा मिळेना. पुढे काय घडले ते त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. हे लेखन १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नव्हता, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथे पारश्याखेरीज कोणी उतरायचे नाही असा नियम. रखवालदाराशी बोलणे होऊन वहीत पारशी नाव लिहिले गेले आणि दिवसाला दीड रुपयात राहणे-जेवण ठरले. वर मोडक्या सामानाने भरलेले दालन, वटवाघळांचा वावर आणि रात्री एका कंदिलाचा मिणमिणता उजेड. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्याने वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम भरून गेले. दोन परिचितांना विचारून झाले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. पहिला म्हणाला, नोकर काम सोडून जातील. दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंत पाच तास होते. ते त्यांनी कामाठी बागेत बसून काढले.

ज्या राजाने साता समुद्रापार शिकायला पाठवले, त्याच्याच राजधानीत विद्यार्थ्याला डोके टेकायला जागा नव्हती. राजाज्ञा दरबारातून निघते. ती खाणावळीच्या उंबऱ्यापर्यंत पोचेलच असे नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या बडोदे संस्थानाचीही ही मर्यादा होती.

मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगावच्या परिषदेत छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना जाहीरपणे पुढे आणले. लंडनसाठी साहाय्यही केले. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. धर्मशाळेच्या जिन्यावरचे पारशी आणि हा पारशी, दोघांनाही इतिहासात जागा द्यावी लागते. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

आता हिशेब पाहा. १९२० साली सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग धरला. त्या दराने हजार रुपयांचे शंभर पौंड होतात. वर्षभरात दर सव्वा शिलिंगाच्या घरात उतरला. त्याच हजाराचे जेमतेम साडेबासष्ट पौंड उरले. रुपयांत पैसे मागवणाऱ्या विद्यार्थ्याला ही घसरण पुस्तकात शोधावी लागत नव्हती.

म्हणून दिनक्रम कडक. चरित्रग्रंथांतून तो वाचायला मिळतो. सकाळी घरमालकिणीकडची तुटपुंजी न्याहारी, मग थेट ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, दुपारच्या जेवणाला फाटा, रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहत. तिथून म्युझियम सुमारे चार किलोमीटर. १८५७ साली उघडलेले ते घुमटाखालचे गोल वाचनालय गरीब अभ्यासकाचे हक्काचे घरच होते. प्रवेशपत्राला पैसे पडत नसत आणि पुस्तके जागेवर आणून मिळत. कार्ल मार्क्सही तिथेच बसून लिहीत असे.

ग्रेज इनचा एक नियम मोठा बोलका आहे. बॅरिस्टर होण्यासाठी केवळ परीक्षा पुरत नसे. ठरावीक संख्येने इनच्या दालनात सहभोजन करावे लागे. चौघाचौघांचे गट करून एका टेबलावर जेवायचे, ही तिथली जुनी चाल. ज्याला बडोद्यात पंगतीला कोणी घेतले नाही, त्याला पदवीसाठी पंगतीत बसणे तिथे सक्तीचे होते! लंडन म्हणजे काही स्वर्ग नव्हे. त्याच शहरातून आपल्यावर राज्य चालत होते. पण तिथली अडचण पैशाची होती आणि ती काटकसरीने, उसनवारीने निवारता येत होती. बडोद्यात दिवसाचा दीड रुपया हाती तयार होता. तो घेणारा उंबरा नव्हता.

या काटकसरीतून काय उभे राहिले? १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टरी आणि १९२३ साली डी.एस्सी. शेवटच्या प्रबंधाचा विषय होता 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', म्हणजे रुपयाचा प्रश्न. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये छापला गेला.

किंग हेन्रीज रोडवरचे ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. चॉक फार्म स्थानकावर उतरून पायी गेलेला मराठी प्रवासी आज ते स्मारक पाहू शकतो. ब्रिटिश म्युझियमलाही तिकीट नाही. आपल्या सीमाभागातली मुले आता कर्ज काढून, खोल्या वाटून घेऊन त्या शहरात शिकतात. त्यांच्या आईबापांनी एवढे जरूर सांगावे की हा रस्ता आधी कोणी चालून ठेवला आहे.

आणि लंडन परवडत नसेल तर बडोदे आहे. कामाठी बाग आता सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. तिथली वडाची जागा लोकांनी 'संकल्पभूमी' म्हणून जपली आहे. दर २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात. मराठी आणि गुजराती एकाच गल्लीत बोलणाऱ्या या शहरात शेजारधर्माचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. ते खरेही आहे. पण भाषा दोन असूनही ज्या गावात माणसे सुखाने नांदतात, त्याच गावात जातीपायी एका माणसाला खोली मिळाली नव्हती, हेही तितकेच खरे. घर भाड्याने देताना आडनाव विचारण्याची सवय आपल्यातून अजून गेलेली नाही. ती जाईल तेव्हाच त्या पाच तासांचे आपले देणे फिटेल.