वडाळ्याच्या वसतिगृहात, १९७२

तुमचं घर बंगळूरच्या जे. पी. नगरात आहे. वस्तीला नाव जयप्रकाश नारायणांचं. संपूर्ण क्रांतीची हाक त्यांनी ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावरून दिली. तिच्या दोन वर्षं आधीच मुंबईतली काही तरुण मुलं क्रांतीची भाषा बोलू लागली होती. त्यांच्या वाट्याला आलेली विशेषणं तुमच्या कानावर असतील: माथेफिरू, शिवराळ, देवाधर्माचे वैरी. चला, त्यांनाच भेटा.

ऑगस्ट १९७२. तुम्ही वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात शिरता. जिन्यातच कुणीतरी 'जयभीम' म्हणतं आणि खोलीत जागा करून देतं. खाटेवर, खिडकीत, जमिनीवर पुस्तकं आणि अनियतकालिकांचे अंक पडलेले. हे राजा ढाले. 'येरू' आणि 'चक्रवर्ती' ही अनियतकालिकं काढणारे. ते नामदेव ढसाळ. कामाठीपुऱ्याशेजारच्या ढोर चाळीत वाढलेले, टॅक्सी चालवणारे, 'गोलपिठा'चे कवी. ज. वि. पवार आणि अर्जुन डांगळे हेही लिहिणारेच. दलित पँथर नावाच्या ज्या संघटनेला मुंबई बिचकू लागली आहे, ती कवी-लेखकांनी उभी केली आहे. नाव घेतलंय अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ती १९६६ साली ओकलंडमध्ये सुरू झाली.

तुम्ही विचारता, एवढा राग कशाचा? उत्तरादाखल गावांची नावं येतात. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात सगळ्या दलित वस्तीवर बहिष्कार पडला. दलितांवरचे अत्याचार नोंदवणारा इलयापेरुमल समितीचा अहवाल १९७० सालीच संसदेपुढे आला, पण गावात काही हललं नाही. ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येतं, ही मुलं राज्यघटना मोडायला निघालेली नाहीत. बाबासाहेबांनी लिहिलेली घटना गावच्या वेशीवर का अडते, एवढंच ती विचारताहेत.

१५ ऑगस्ट उजाडतो. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून रोषणाई आहे आणि पँथर काळा दिवस पाळताहेत. 'साधना' साप्ताहिकाच्या विशेषांकात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आहे. राष्ट्रीय प्रतीकाचा अवमान केला तर तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या लुगड्याला हात घातला तर पन्नास, हा हिशेब त्यांनी मांडला आणि मग राष्ट्रध्वजाबद्दल अत्यंत जहाल शब्द वापरले. महाराष्ट्रात वादळ उठलं. ते शब्द वाचून तुम्हालाही धक्का बसेल, बसू द्या. पण पुढच्या कित्येक दिवसांत चर्चा झाली ती ध्वजाची. पन्नास रुपयांबद्दल बोलणारे थोडेच निघाले. ढाल्यांचा मुद्दा याहून चांगला कुणी सिद्ध केला असता?

५ जानेवारी १९७४. वरळीच्या बीडीडी चाळी. तीन मजल्यांच्या इमारतींच्या रांगा, एकेका खोलीत अख्खं कुटुंब, गिरणी कामगार आणि पोलीस शेजारी शेजारी राहणारे. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक लागली आहे आणि पँथरनी बहिष्कार पुकारला आहे. ढाले बोलायला उभे राहतात, हिंदू देवदेवतांवर टीका करतात. दगड येऊ लागतात. मग लाठ्या. त्या रात्री सुरू झालेली दंगल वरळी, नायगावपर्यंत पसरते. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा परळमधून जाताना तुम्ही त्यात चालत आहात. एका इमारतीवरून दगडी पाटा खाली येतो आणि भागवत जाधव हा तरुण ठार होतो. कार्यकर्त्यांच्या घोषणा काही क्षण थांबतात, पण मोर्चा मोडत नाही. पुढे काँग्रेसचे रामराव आदिक ही निवडणूक हरतात आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून येतात. ज्यांना टोळकं म्हणून हिणवलं, त्यांच्या बहिष्काराचं वजन सगळ्यांना कळतं.

दुखरी बाजूही बघा. त्याच वर्षी संघटना फुटते. ढसाळांना वर्गलढ्याची जोड हवी असते, ढाल्यांना बुद्ध आणि आंबेडकरांच्या वाटेवरून हलायचं नसतं. १९७७ च्या मार्चमध्ये ढाले आणि पवार पँथर बरखास्त झाल्याचं जाहीर करतात. जेमतेम पाच वर्षं. या मुलांचा एकमेकांवरचा अविश्वास चळवळीला फार महाग पडला, हे त्यांच्याविषयी कितीही माया असली तरी म्हणावंच लागेल.

तरी माझं मत पक्कं आहे. या मुलांना जहाल ठरवणाऱ्यांनी त्यांची भाषा ऐकली, मागणी ऐकली नाही. मागणी तर साधी होती: बाईच्या अब्रूची किंमत पन्नास रुपये असू नये आणि गावाने माणसांचं दाणापाणी तोडू नये. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने दलित व्यक्तीला बळजबरीने विवस्त्र करणं हा किमान सहा महिने कैदेचा गुन्हा ठरवला. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार त्या कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१५ ची दुरुस्ती लागली. वडाळ्याच्या खोलीतली मुलं हेच १९७२ साली मागत होती.