कोरो : बार्सिलोनातील एक गोल, गोव्यातील अठ्ठेचाळीस

फेरान कोरोमिनास हे पूर्ण नाव फारच थोड्यांच्या लक्षात असेल. मात्र ‘कोरो’ म्हटले की फातोर्डाच्या प्रेक्षकांना नारिंगी जर्सीतील तो सडपातळ आघाडीपटू लगेच आठवतो. स्पेनमध्येही तो याच नावाने ओळखला गेला. दोन्हीकडील आठवण मात्र वेगळी आहे.

कोरोचा जन्म ५ जानेवारी १९८३ रोजी कॅटालोनियातील जिरोना परिसरात झाला. बार्सिलोना शहरातील दुसरा क्लब एस्पान्योल येथे तो घडला आणि २००३ मध्ये त्या क्लबच्या मुख्य संघात आला. ज्या शहरात शेजारचा क्लब जगभर मिरवतो, तेथे एस्पान्योलचा पाठीराखा असणे हे काहीसे हट्टाचे काम असते. अशा पाठीराख्यांना २००६ या वर्षाने सारे काही दाखविले. त्या वर्षी १२ एप्रिल रोजी माद्रिदमध्ये झारागोझाचा ४-१ असा पराभव करून एस्पान्योलने राजचषक जिंकला. चारपैकी एक गोल कोरोचा होता. पण साखळीत संघ तळाजवळ पोहोचला होता.

१३ मे रोजी मोंजुइकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये रिअल सोसिएदादविरुद्ध अखेरचा सामना झाला. नव्वद मिनिटे गोलफलक कोराच होता. बरोबरी झाली असती तर चषकविजेता संघ महिनाभरातच दुसऱ्या श्रेणीत घसरला असता. भरपाई वेळेत कोरोने चेंडू जाळ्यात धाडला, एस्पान्योल वाचला आणि त्याच्या जागी अलावेसची घसरण झाली. दुसऱ्या श्रेणीत जाणे म्हणजे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर पाणी सोडणे आणि चांगले खेळाडू विकणे. म्हणूनच एस्पान्योलच्या इतिहासात हा गोल चषकापेक्षाही वरच्या जागी बसला आहे. पुढच्याच मोसमात हा संघ एकही सामना न गमावता यूएफा चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. ग्लासगोत सेव्हिलाविरुद्धची ती लढत २-२ अशी बरोबरीत सुटली आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये चषक हातचा गेला.

त्यानंतरची कारकीर्द झगमगाटाची नव्हती. ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का आणि शेवटी सायप्रसमधील डोक्सा असा तो प्रवास होता. एल्चेने २०१३ मध्ये तब्बल २४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत पुनरागमन केले, तेव्हा तो त्या संघात होता. स्पेनच्या राष्ट्रीय संघाचे दार मात्र त्याच्यासाठी उघडले नाही.

२०१७ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी तो एफसी गोवामध्ये दाखल झाला. इंडियन सुपर लीगने सुरुवातीच्या वर्षांत देल पिएरो, पिरेस अशी मोठी पण मावळती नावे आणली होती. कोरोकडे तसे वलय नव्हते. त्याच्याकडे होती गोलसमोरची थंड नजर. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी गोलरक्षकापासून छोट्या पासने चाल रचण्याचा आग्रह धरला. एडू बेडिया, पुढे ह्यूगो बुमू, शिवाय गोव्याचेच ब्रँडन फर्नांडिस आणि मंदार राव देसाई यांच्या पायातून आलेल्या चेंडूला शेवटचा स्पर्श बहुधा कोरोचा असे. पहिल्याच मोसमात त्याने बंगळुरू आणि केरळ ब्लास्टर्सविरुद्ध लागोपाठच्या सामन्यांत हॅटट्रिक साधली. केरळविरुद्धचे तिन्ही गोल तर उत्तरार्धाच्या पहिल्या दहा मिनिटांतच झाले. त्या मोसमात १८ आणि पुढच्यात १६ गोल करून त्याने सलग दोनदा ‘गोल्डन बूट’ पटकावला. २०१८-१९ चा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

विजेतेपदाने मात्र हुलकावणी दिली. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात बंगळुरूच्या राहुल भेकेने जादा वेळेत, सामना संपायला तीन मिनिटे असताना हेडरने गोल केला. मोंजुइकवर अखेरच्या क्षणी जे कोरोने दुसऱ्यांचे केले, तेच येथे त्याच्या वाट्याला आले. महिन्याभरात भुवनेश्वरमध्ये चेन्नईयिनला २-१ असे नमवून गोव्याने सुपर चषक जिंकला, त्यातही त्याचा एक गोल होता. पण ती भरपाई अपुरीच म्हणावी लागेल.

२०१९-२० मध्ये गोव्याने साखळीत अव्वल स्थान मिळवून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळविला. भारतीय क्लबला हा मान प्रथमच लाभत होता. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनने एकूण ६-५ अशी बाजी मारली. ५७ सामन्यांत ४८ गोल करून कोरो गोव्यातून गेला. स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा हा विक्रम २०२२ मध्ये बार्थोलोम्यू ओग्बेचेने मोडला, पण त्याला कोरोपेक्षा जास्त सामने लागले.

स्पेनला परतल्यावर कोरो मायोर्का बेटावरील अ‍ॅटलेटिको बालेआरेसकडून तिसऱ्या श्रेणीत खेळला. लोबेरा, बुमू आणि मंदार एव्हाना मुंबई सिटीत गेले होते. एप्रिल २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगचे सामने फातोर्डावरच झाले, तेव्हा एफसी गोवाने तीन लढती बरोबरीत सोडविल्या. सहा सामन्यांत मिळून त्यांचे गोल झाले अवघे दोन.