पानशेत: रिकामं होण्याचे तास

पुण्यात बिबवेवाडीत नळाला येणारं पाणी खडकवासल्याच्या धरणसाखळीतलं. त्या साखळीतलं पानशेत धरण १९६१च्या पावसाळ्यात पहिल्यांदाच भरत होतं.

१० जुलै. आंबी नदीवरचं मातीचं धरण अजून अपुरं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट, दरवाजे धड बसलेले नाहीत. अर्ध्या उघड्या तोंडातून पाणी धडका देत आत घुसतंय, आणि मोरीच्या कमानीत सळईच नाही. वर पाऊस हटत नाही. इतक्या घाईनं पाणी अडवायचं काय नडलं होतं?

११ जुलै, रात्र. मोरीच्या बरोबर वरचा माथा खचतोय. लष्कराचे जवान खचलेल्या जागी वाळूची पोती रचताहेत. मातीच्या धरणावरून पाणी एकदा वाहू लागलं की आधी ओघळ, मग घळ, मग खिंडार. जवानांनी भिंत वाचवली नाही, पण तास वाचवले. धरण फुटलं ते दिवसाउजेडी. मध्यरात्री फुटतं तर पेठा झोपेत गेल्या असत्या. हाती आलेल्या त्या तासांत शहराला मात्र नीट सावध केलं गेलं नाही.

१२ जुलै, बुधवार, सकाळ. पानशेत फुटलं. सगळं पाणी खाली खडकवासल्यात.

पुढचे काही तास. खडकवासल्याची भिंत इंग्रजांच्या काळातली, दगडी. माथ्यावरून सुमारे नऊ फूट पाणी जात असतानाही ती तासन्‌तास उभी राहिली. मग तीही गेली.

दुपार. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली. नारायण, शनिवार, कसबा पेठेत नदीकाठची मातीची घरं विरघळून बसली. बिबवेवाडी उंचावर, नदीपासून लांब. तिथं थेंबही पोचला नाही.

संध्याकाळ. पूर ओसरला. गुडघाभर चिखल, आणि प्यायला पाणी नाही, कारण शहराला पाणी पुरवणारा खडकवासलाच रिकामा. वाड्यांतल्या विहिरींवर पुन्हा रांगा लागल्या.

पूरग्रस्तांच्या काही सहकारी सोसायट्यांना पुढे पर्वतीपलीकडे, बिबवेवाडीला लागून जागा मिळाल्या. तेच सहकारनगर.