ब्रुकलिनचें हरवलेलें मैदान

न्यूयॉर्क शहरांत ईस्ट नदीच्या पलीकडे ब्रुकलिन नांवाचा विस्तीर्ण विभाग आहे. १८९८ पर्यंत तें स्वतंत्र शहर होतें. त्या सालीं तें न्यूयॉर्कमध्यें विलीन झालें, आणि एखाद्या मानी माणसाला श्रीमंत भावाच्या घरीं दिवस कंठावे लागावे तशी त्याची अवस्था झाली. नगराध्यक्ष गेला, स्वतंत्र नांव गेलें. 'ईगल' हें जुनें दैनिक तेवढें राहिलें होतें, तेंही १९५५ सालीं बंद पडलें. 'आपलें' म्हणून अभिमानानें दाखवावें असें ब्रुकलिनकरांपाशीं अखेर फार थोडें उरलें, आणि त्यांत अग्रस्थान होतें बेसबॉलच्या संघाला. १८९० नंतर तेथील रस्त्यांतून विजेच्या ट्रामगाड्या धावूं लागल्या. त्या चुकवीत पळणें हा नागरिकांचा नित्यक्रम झाला, आणि त्यावरून संघालाही 'डॉजर्स', म्हणजे 'चुकवे', हें नांव पडलें. थट्टेंतून पडलेलें नांव इतक्या निष्ठेनें जपल्याचीं उदाहरणें फार थोडीं सांपडतील.

क्रिकेट जाणणाराला बेसबॉल समजणें कठीण नाहीं. नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ, नऊ डाव. चेंडू मारून चौकोनाच्या चार तळांना फेरी घालून आला तो एक धाव मिळवून आला. परंतु क्रिकेटपेक्षां या खेळाचा आणि दैनंदिन जीवनाचा संबंध अधिक निकट आहे, कारण त्या काळीं एका मोसमांत १५४ सामने होत. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज सामना असे, आणि ऑक्टोबरांत दोन महामंडळांचे विजेते संघ 'जागतिक मालिका' खेळत. सहा महिने रोज भेटणारी गोष्ट करमणूक राहत नाहीं, ती घरांतलीच होऊन बसते.

डॉजर्सचें घर म्हणजे १९१३ सालीं उघडलेलें एबेट्स फील्ड. संघाचे मालक चार्ल्स एबेट्स यांनीं फ्लॅटबुश भागांतील एका गलिच्छ वस्तीची आणि उकिरड्याची जागा विकत घेऊन तें बांधलें. मैदान लहान होतें. पुढें वाढवूनही त्यांत सुमारे बत्तीस हजार प्रेक्षकच मावत. पण प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ बसत कीं त्यांना एकमेकांचें बोलणें ऐकूं जाई. उजव्या बाजूच्या भिंतीशीं एब स्टार्क नांवाच्या कापडविक्याची पाटी होती. तिच्यावर चेंडू मारणाऱ्या फलंदाजाला एक पोशाख बक्षीस! हे स्टार्क पुढें राजकारणांत शिरले आणि ब्रुकलिन विभागाचे अध्यक्ष झाले. हिल्डा चेस्टर नांवाची एक बाई गाईच्या गळ्यांतली मोठी घंटा बडवीत बसे. कांहीं हौशी वादकांचा बेसूर ताफा प्रतिपक्षाच्या बाद खेळाडूची वाद्यें वाजवून पाठवणी करी. गानकलेच्या दृष्टीनें हा प्रकार कसा होता याची चर्चा न करणेंच बरें.

या मैदानाची आठवण ज्यांनीं आयुष्यभर जतन केली त्यांत डोरिस कर्न्स गुडविन या इतिहासलेखिकेचें नांव प्रामुख्यानें घ्यावें लागेल. त्यांचा जन्म १९४३ चा, आणि बालपण न्यूयॉर्कनजीक लॉंग आयलंडवरील रॉकव्हिल सेंटर या गांवीं गेलें. त्या सहा वर्षांच्या असतां वडिलांनीं त्यांना तांबड्या पुठ्ठ्याची एक गुणवही दिली आणि सामन्याची नोंद कशी करावी हें शिकविलें. वडील दिवसभर कामावर असत. मुलगी दुपारीं नभोवाणीपाशीं बसून चेंडूचेंडूची नोंद करी आणि संध्याकाळीं वडील आले कीं वही उघडून सबंध सामना त्यांना सांगे. प्रथम ती उतावळेपणानें निकालच आधीं सांगून टाकी. पुढें तिला उमगलें कीं शेवट राखून ठेवला तर ऐकणारा खिळून राहतो. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत सामन्याची सारी हकीकत छापून येते ही गोष्ट वडिलांनीं तिला मुळींच कळूं दिली नाहीं! आपण सांगितलें नाहीं तर वडिलांना कांहींच कळणार नाहीं, असें त्या मुलीला वाटे. पुढें १९९५ सालीं ज्यांच्या इतिहासग्रंथाला पुलित्झर पारितोषिक मिळालें, त्या लेखिकेची पहिली शाळा ती हीच.

येथें नभोवाणीविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. बेसबॉलचा पहिला सामना नभोवाणीवरून सांगितला गेला तो ५ ऑगस्ट १९२१ रोजीं, पिट्सबर्ग येथें. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनीं मात्र प्रेक्षक घटतील या भीतीनें १९३८ अखेर नभोवाणीला मज्जाव केला होता. १९३९ मध्यें ब्रुकलिननें हा करार मोडून रेड बार्बर या दक्षिणेकडील मृदुभाषी निवेदकाला आणलें. परगांवच्या सामन्यांना निवेदक जात नसे; तारेनें आलेल्या त्रोटक मजकुरावरून तो सामना रंगवून सांगे. पुष्कळ निवेदक त्यांत टोल्याचा आवाज आणि गर्दीचा गजर कृत्रिम रीतीनें मिसळीत. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांनीं तरुणपणीं आयोवांत हाच उद्योग केला होता. बार्बर यांना ही बनवेगिरी रुचत नसे. ते तारायंत्राचा कडकट्ट आवाज मुद्दाम श्रोत्यांच्या कानीं पडूं देत, म्हणजे मी प्रत्यक्ष मैदानावर नाहीं हें प्रत्येकाला कळावें. हा प्रामाणिकपणा लहान खासा नव्हे.

संघाच्या नशिबीं मात्र पराभव लिहिलेला होता. १९१६ पासून १९५३ पर्यंत सात वेळां डॉजर्स जागतिक मालिकेपर्यंत पोंचले आणि सातही वेळां हरले. त्यांतल्या शेवटच्या पांच मालिका श्रीमंत यांकीज संघाकडून. १९४१ च्या मालिकेंत तर अखेरचा फलंदाज बाद झाला असतां चेंडू झेलणाऱ्या मिकी ओवेनच्या हातून तो निसटला आणि जिंकलेला सामना गेला. १९५१ सालीं जायंट्स संघ ऑगस्टांत साडेतेरा सामन्यांनीं मागें होता. त्यानें डॉजर्सना गांठलें आणि ३ ऑक्टोबर रोजीं बॉबी थॉमसनच्या एका टोल्यानें सारा मोसम त्यांच्या हातांतून काढून घेतला. (जायंट्सनीं त्या वर्षीं दुर्बिणीनें प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्या होत्या, हें २००१ सालीं उघड झालें. ब्रुकलिनकरांना या बातमीनें समाधान अधिक झालें कीं संताप, हें सांगणें कठीण.) 'पुढच्या वर्षीं पाहूं' हें ब्रुकलिनचें ब्रीदवाक्यच झालें, आणि गुडविन बाईंनीं १९९७ सालीं आपल्या आठवणींच्या पुस्तकाला तेंच नांव दिलें. लहानपणीं चर्चमध्यें पापनिवेदन करतांना प्रतिस्पर्धी खेळाडूंचे हातपाय मोडोत अशी इच्छा आपण धरली असें त्यांनीं कबूल केलें, तेव्हां पाद्रीबुवाही डॉजर्सचेच भक्त निघाले, असा गमतीचा प्रसंग त्यांत आहे. टेलिव्हिजनचें घराघरांत झालेलें आगमन, सिनेनट जेम्स डीनचें वेड, सिनेटर मॅकार्थींच्या चौकशांचा मुलांनीं मांडलेला खेळ, हें सारें त्याच पुस्तकांत बेसबॉलच्या शेजारीं येऊन बसतें.

मुलांच्या खिशांत त्या काळीं खेळाडूंचीं चित्रें असत. चघळण्याच्या गोंदाबरोबर तीं मिळत, आणि तीं काढणारी टॉप्स कंपनी ब्रुकलिनचीच. १९५२ चा न खपलेला साठा आपण १९६० मध्यें अटलांटिक समुद्रांत नेऊन बुडविला, असें कंपनीचे सी बर्गर सांगत. त्याच १९५२ च्या संचांतील मिकी मँटलचें एक चित्र २०२२ सालीं सव्वा कोटी डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें! घर साफ करतांना आयांनीं केराच्या टोपलींत टाकलेल्या चित्रांच्या कथा अमेरिकेंतील प्रत्येक कुटुंबांत ऐकूं येतात.

परंतु ब्रुकलिनच्या आठवणींतलें खरें मोल दुसऱ्याच गोष्टींत आहे. १५ एप्रिल १९४७ रोजीं एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णी खेळाडू मैदानांत उतरला. त्यापूर्वीं सुमारे साठ वर्षें प्रमुख महामंडळांचीं दारें कृष्णवर्णीयांना बंद होतीं. संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं त्याला निवडलें तें खेळाबरोबर अपमान सोसण्याचें सामर्थ्य पाहून. शिव्या, धमक्या, मुद्दाम अंगावर टाकलेले चेंडू, सारें त्यानें गिळलें आणि खेळ करून दाखविला. प्रेक्षक ओरडत असतां पी वी रीस या गोऱ्या सहकाऱ्यानें त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ही कथा अमेरिकेंत शाळाशाळांतून सांगतात; २००५ सालीं ब्रुकलिनमध्यें त्या प्रसंगाचा पुतळाही उभा राहिला. मात्र तो प्रसंग १९४७ मध्यें सिनसिनाटीस घडला कीं १९४८ मध्यें बोस्टनला, याविषयीं एकमत नाहीं, आणि त्या वेळच्या वृत्तपत्रांत त्याची नोंद सांपडलेली नाहीं. दोघांची मैत्री खरी होती यांत शंका नाहीं; पण आठवणीला चित्र लागतें, आणि नसलें तर ती तें काढून घेते.

अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजीं जॉनी पॉड्रेसनें यांकीजना एकही धाव घेऊं दिली नाहीं. डॉजर्स दोन धावांनीं जिंकले आणि ब्रुकलिनचें 'पुढचें वर्ष' उजाडलें. दोनच वर्षांनीं, ८ ऑक्टोबर १९५७ रोजीं, संघ लॉस एंजेलिसला जाणार असें जाहीर झालें.

मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिननें कधींही क्षमा केली नाहीं. हिटलर आणि स्टॅलिन यांच्या पंक्तीला त्यांना बसविणारे लोक होते. पण आठवण बाजूला ठेवून आंकडे पाहिले तर हकीकत इतकी सरळ दिसत नाहीं. १९४७ सालीं मैदानावर सुमारे अठरा लाख प्रेक्षक आले होते. १९५७ सालीं दहा लाखांवर थोडेच. ज्यांनीं पुढें अश्रु ढाळले त्यांतलेच पुष्कळजण दरम्यान ब्रुकलिन सोडून उपनगरांत राहावयास गेले होते. ते मोटारीनें येऊं म्हणत, तर मैदानाजवळ सातशे मोटारीच उभ्या राहूं शकत. तिकडे बोस्टनहून मिल्वॉकीला गेलेल्या संघाला पहिल्याच वर्षीं, १९५३ मध्यें, अठरा लाखांवर प्रेक्षक लाभले होते. ओमॅलींना ब्रुकलिनमध्येंच रेल्वे-स्थानकाजवळ स्वखर्चानें नवें मैदान बांधावयाचें होतें. त्यासाठीं सरकारनें जागा संपादन करून द्यावी अशी त्यांची मागणी. शहराच्या बांधकामांचे सर्वाधिकारी रॉबर्ट मोझेस यांनीं खाजगी धंद्यासाठीं तसें करण्यास नकार दिला आणि क्वीन्स विभागांतील जागा सुचविली. संघ क्वीन्सला गेला तर तो ब्रुकलिनचा कसा, असा ओमॅलींचा सवाल होता. मग तीन हजार मैलांवर जाऊन तो कोणाचा राहिला, हा प्रतिसवालही कांहीं अवास्तव नाहीं. अलीकडील पुष्कळ इतिहासकार दोषाचा मोठा वांटा मोझेस यांच्या पदरांत घालतात. आणि लॉस एंजेलिसची जी जागा संघाला मिळाली ती शॅव्हेझ रव्हीनची. तेथील मेक्सिकन वंशाचीं कुटुंबें आधींच हलविण्यांत आलीं होतीं, उरलेल्यांना १९५९ मध्यें पोलिसांनीं घराबाहेर काढलें. त्यांच्याही आठवणी आहेत. त्यांचीं पुस्तकें मात्र फारशीं खपत नाहींत.

२४ सप्टेंबर १९५७ च्या शेवटच्या सामन्याला एबेट्स फील्डवर अवघे ६,७०२ प्रेक्षक होते. डॉजर्स तो सामना जिंकले. वादिका ग्लॅडिस गुडिंग ऑर्गनवर निरोपाचीं गीतें वाजवीत राहिल्या. फेब्रुवारी १९६० मध्यें, बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगविलेला लोखंडी गोळा आपटून मैदान पाडण्यास आरंभ झाला. आज तेथें मोठमोठ्या चाळवजा इमारती आहेत.

गुडविन यांची आई १९५८ सालीं वारली आणि पुढें तें घरही विकलें गेलें. कित्येक वर्षें त्यांनीं बेसबॉलकडे पाठ फिरविली. हार्वर्डला शिकावयास गेल्यावर बोस्टनच्या रेड सॉक्स संघानें त्यांना पुन्हां ओढून घेतलें. हा संघही १९१८ पासून हरण्यांतच प्रवीण होता, आणि २००४ पर्यंत तसाच राहिला. तेथील फेनवे पार्कवर त्या आपल्या मुलांना घेऊन जात आणि त्यांना रॉबिन्सन, रीस यांच्या गोष्टी सांगत. उन्हानें डोळे मिटले कीं आपण एबेट्स फील्डवर वडिलांच्या शेजारीं आहों असें वाटतें, आणि डोळे उघडावे तों त्या जागीं मुलें दिसतात, असें त्यांनीं सांगितलें आहे. आजोबा १९७२ सालींच गेले. त्या मुलांनीं त्यांना पाहिलेंही नव्हतें.