योकोहामा आणि कुर्ला : मोटारनिर्मितीच्या दोन वाटा

जपानी मोटारउद्योगाच्या यशाचे श्रेय सर्वसाधारणपणे जपानी शिस्तीला दिले जाते. इतिहासाच्या कसोटीवर हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. फोर्डने १९२५ साली योकोहामा येथे व जनरल मोटर्सने १९२७ साली ओसाका येथे आयात भागांपासून मोटारी जुळविण्यास प्रारंभ केला. १९२८ साली जनरल मोटर्सचा असाच कारखाना मुंबईत शिवडीला निघाला. म्हणजे आरंभीची पायरी जवळजवळ एकच होती.

१९३६ साली जपानने कायदा करून मोटारनिर्मितीचे परवाने देशी भागधारकांच्या कंपन्यांपुरते मर्यादित केले. टोयोडा व निस्सान यांना ते मिळाले आणि १९३९ पर्यंत अमेरिकन कंपन्यांचे तेथील उत्पादन थांबले. लष्कराला ट्रक हवे होते, हे त्यामागील खरे कारण होय. त्याच सुमारास, १८८४ साली नाशिक येथे अभियंता म्हणून सेवेस प्रारंभ केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या भारतीय मोटार कारखान्यासाठी प्रयत्नशील होते. १९३५ साली त्यांनी त्यासाठी युरोप-अमेरिकेचा दौरा केला. शेठ वालचंद हिराचंद यांनी क्रायस्लरशी बोलणी केली. परंतु मोटारउद्योग युद्धकार्यास आवश्यक नाही, अशी भूमिका वसाहती सरकारने घेतली. ज्या युद्धाने जपानी कारखाने उभे केले, त्याच युद्धाचे निमित्त येथे नकारासाठी पुढे करण्यात आले. प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना अखेर १९४४ साली झाली.

तथापि सर्व दोष पारतंत्र्यावर टाकता येत नाही. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना स्वतंत्र भारतातून माघार घ्यावी लागली. संरक्षण मिळाले, स्पर्धा मात्र आली नाही. निस्सानने १९५२ साली ब्रिटनच्या ऑस्टिनशी करार केला व १९५६ पर्यंत त्या मोटारीचे सर्व भाग जपानात बनू लागले. देशांतर्गत प्रतिस्पर्धी पाठीशी लागलेले असल्याने तेथे थांबणे परवडणारे नव्हते. कुर्ल्याच्या कारखान्यातही फियाटच्या भागांचे देशीकरण झाले, पण परवानापद्धतीने उत्पादन बांधलेले आणि ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत, अशा स्थितीत नवी मोटार रचण्याची निकड कोणाला भासणार? फियाट ११०० चे 'पद्मिनी' हे रूप शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले.

मारुती-सुझुकीची पहिली मोटार डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली. त्यानंतर १९८५ साली प्रीमियरने '११८ एनई' बाजारात आणली. तिचा सांगाडा १९६६ च्या फियाट १२४ चा होता आणि इंजिन निस्सानचे.